संघ नाशिकला गेला तेव्हा

चुन्याच्या फक्कीचा वास आला की बजाजनगरचं मैदान आठवतं. पगारी खेळाडूंचा, मुलींचा नवा फुटबॉल संघ आमच्या शहराला द्यायचा की नाशिकला, हे ठरवायला मुंबईचे साहेब येणार होते. माझी पोरगी त्यात खेळली असती, पण नाशिकला तिचे वडील तिला पाठवणार नव्हते. नेमका त्या सकाळी पाण्याचा टँकर मैदानाच्या मधल्या वर्तुळावरून गेला अन् आखणी पुसली. मी तिथं झाडायला होते, कुणाशी बोलायची नाही. मधोमध खुंटी ठोकली, उरलेल्या खुणेपर्यंत सुतळी ताणली अन् रांगोळीसारखी फक्की सोडत वाकून फिरले. मुकादम हसला, "मावशी, हे काय तुमचं अंगण हाय व्हय?" मी म्हटलं, "नाय, म्हणून तर सुतळी लांब घेतली." साहेबांनी टेप लावून मान डोलावली, तरी मैदानावर दिवे नाहीत म्हणून संघ नाशिकलाच दिला. घरी हे म्हणाले, "झालं, विषय संपला." मी भाकरी थापत होते. म्हटलं, "ती जाईल. मी सोडून येते." त्यांनी दोनदा विचारलं, "काय म्हणालीस?" मी दोनदा तेच सांगितलं. पोरगी आता तिकडंच खेळते. मी अजून हळूच बोलते, पण बोललेलं बदलत नाही.