अकरा वेळा बोट

आमची थोरली हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. नऊ वर्षं झाली. कोणी विचारलं की मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगायची. नेमकं काय करते ते मला गेल्या काही महिन्यांत कळलं, तेही तिचं जेवणावरचं लक्ष उडालं म्हणून.

पाच वर्षांपूर्वी तिने वॉर्डातल्या नर्सांसाठी एक स्क्रीन केली होती. खाटेचा नंबर, औषध, वेळ आणि 'दिलं' असं एक बटण. बास. पुढे दर सहा महिन्यांनी कोणीतरी काहीतरी मागत गेलं आणि ही देत गेली. रंग बदलायची सोय, जेवणाची नोंद, वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा. आलेख तर तिने स्वतःच हौसेने घातले.

मग एका वॉर्डात एका म्हाताऱ्या गृहस्थांना झोपेचं औषध दोनदा दिलं गेलं. बचावले, पण ही हादरली. तीन दिवस त्या वॉर्डात जाऊन उभी राहिली. खाटेपाशी एकही नर्स स्क्रीनला हात लावत नव्हती. बँडेजची चिकटपट्टी ॲप्रनवर लावायची, तिच्यावर पेनने डोस लिहायचा आणि ड्यूटी संपताना सगळ्या नोंदी एकदम करायच्या. औषध दोनदा गेलं त्या दिवशी एकीची पट्टी गळून पडली होती आणि पुढच्या ड्यूटीवालीला डोस राहिलाय असं वाटलं होतं.

"असं का करता?" हिने विचारलं.

"एका गोळीला अकरा वेळा बोट लावायचं," तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माझ्याकडे तीस खाटा आहेत, बाई. तुम्हीच करून बघा."

हिने करून बघितलं. आठव्या खाटेला तिनेही पट्टी मागितली.

"आई, ते मीच केलंय," घरी येऊन म्हणाली. मी ताट पुढे सरकवलं. तिने बाजूला सरकवलं.

कंपनीतल्या साहेबांना तिने सांगितलं, वाढवलेलं सगळं काढून टाकू. "घातल्याचं बिल लावता येतं," साहेब म्हणाले, "काढल्याचं कोणाला लावू?" हो-ना करता करता तोच एक वॉर्ड आणि एक महिना मिळाला. शेवटी मोठ्या सिस्टरांनी सही दिली तर सगळीकडे ही नवी, छाटलेली स्क्रीन, नाहीतर जुनी परत. काढणं घालण्याहून किचकट असतं म्हणे. इथे ओढलं की तिथे उसवतं. आलेख तिने सगळ्यात आधी काढले. महिनाभरात पट्ट्या बंद झाल्या.

सहीच्या दिवशी सिस्टर खुशीत होत्या. "झकास झालंय. फक्त एक बटण वाढवून द्या. ड्यूटी बदलून घ्यायचं."

"नाही जमणार, सिस्टर."

"अहो, एवढंसं तर बटण! तुमचं काय जातंय?"

"तुमचंच जाईल. एक दिलं की दुसरं येतं."

"मग सहीसुद्धा नाही जमणार," म्हणत त्या राउंडला निघून गेल्या.

"अगं, देऊन टाकायचंस," मी म्हणाले. पोरीचे डोळे खोल गेलेत, मला दुसरं काही सुचेना.

"एकेक असंच देऊन टाकलं होतं ना, आई."

दोन दिवस तिने फोन हातातून खाली ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी सही आली. खाली सिस्टरांनी लिहिलं होतं, 'काम उत्तम. मुलगी हट्टी.' हिने मला वाचून दाखवलं, पण हसली नाही. सोमवारपासून उरलेले सात वॉर्ड. सात मोठ्या सिस्टर, आणि प्रत्येकीला फक्त एकच बटण हवं असणार.