कापसातली अदबशीर बाई

आमच्या कापसात एक बाई राहते, असं उमरखेडात आजही काही लोक मानतात. ती बाई मीच आणून ठेवली होती.

ते दिवस कापसाला कोणी विचारत नसण्याचे. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात घरोघरी कापूस पडून होता. आमची मधली खोली तर आढ्यापर्यंत भरलेली. बाबा रोज रेडिओवर भाव ऐकत आणि मग रेडिओलाच शिव्या देत. मी बी.ए. होऊन घरी बसलेला. बाबांच्या समजुतीनं मी तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. प्रत्यक्षात मी जपानी शिकत होतो! जपानी येणाऱ्याला तिकडे नोकरी मिळते, असं पुण्याच्या एका मित्रानं कळवलं होतं. सोबत झेरॉक्सची पानं आणि एक कॅसेट. पण बाबांना सांगणार कोण? कापूस दारव्ह्यापर्यंत जाईना आणि पोरगा निघाला जपानला!

म्हणून मी कापसाच्या ढिगात वर एक खोपा केला आणि भर दुपारी टेपरेकॉर्डर घेऊन त्यात बसू लागलो. कापूस आवाज गिळतो. बाहेरचं काही ऐकू येत नाही, फक्त आपला श्वास आणि खाली कुठंतरी कापूस दबल्याची सळसळ. त्या पांढऱ्या शांततेत ती कॅसेटमधली बाई थंडपणे म्हणायची, “ताबेरु.” मग थांबायची. मग म्हणायची, “ताबेमास.” ताबेरु म्हणजे खाणं, आणि ताबेमास म्हणजे तेच, पण अदबीनं. शेपटीचा ‘रु’ तोडायचा आणि ‘मास’ लावायचं. नोमु म्हणजे पिणं, त्याचं नोमिमास. काएरु म्हणजे परत जाणं. ते दिसायला ताबेरुचा सख्खा भाऊ, पण वागायला नोमुसारखं. काएरिमास! (असे नातेवाईक आमच्याकडेही आहेत.) प्रत्येक अदबीच्या रूपाला कमरेत वाकायचं, असं झेरॉक्सवर लिहिलं होतं. मी वाकायचो. मधल्या थांब्यात मी बोलावं, अशी योजना होती, पण कधीकधी अंगावर काटा यायचा. वाटायचं, मी इथं नसलो तरी ही बाई अशीच कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असेल.

एके दिवशी ताईनं मला वाकताना पकडलं.

“कापसाच्या पाया काहून पडून राह्यला बे?”

मी सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली आणि कोणाला बोलली नाही. तिची काळजी वेगळीच होती. उमरखेडचा एक मास्तर तिला फार आवडला होता, पण त्याच्या आईनं थोरल्या सुनेला शिव्या घालघालून माहेरी पाठवलं होतं, ही बातमी आमच्यापर्यंत आली होती. “पोरगा सोन्यासारखा हाय रे,” ताई म्हणाली, “पण त्या बाईच्या तोंडाची मले भीती वाटते.” हे म्हणताना तिचे डोळे भरले होते.

तीच मंडळी पाहायला येणार होती चार वाजता. आली दोनला! फाटकाशी जीप थांबल्याचं मला वरच्या झरोक्यातून दिसलं. घाईत मी टेप कापसात खुपसला आणि उडी मारली. माझ्यामागं अर्धा ढीग घसरला. टेप घरंगळत बैठकीच्या भिंतीकडं कुठंतरी गडप. बंद करायचा राहिलाच!

पाहुणे बैठकीत बसले. ताईनं पाणी दिलं. मास्तरची आई ताईच्या उंचीवरून काहीतरी बोलायला तोंड उघडते न उघडते, तोच भिंतीपलीकडून शांत आवाज आला, “नोमु.”

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं.

“नोमिमास.”

“कोण बोलून राह्यलं बे आत?” बाबांनी मला विचारलं.

“रेडिओ असन.”

“रेडिओ तं हा माह्या मांडीवर हाय!”

मी आत पळालो आणि ढिगात सूर मारला. इकडे चाचपलं तर आवाज तिकडून, तिकडे गेलो तर पायाखालून. त्यात सेल उतरत चालले. बाईचा आवाज हळूहळू जाड, ओढलेला झाला. आता ती बाईही वाटेना आणि बाप्याही. दार उघडलं. बाबा, मागं पाहुणे. मी कमरेपर्यंत कापसात, केसांत, भुवयांत, नाकात कापूस.

मास्तरची आई ढिगाकडं पाहत पुढं आली. “कोण हायेस तू? आत कोणी हाय का?”

“इ… मास,” ढीग म्हणाला.

इमासचा अर्थ तिथं एकट्या मला कळत होता. इमास म्हणजे ‘आहे’!

“काय पायजे तुले, माय?”

“ता… बे… मास.”

आणि महिनाभराच्या सवयीनं मी कमरेत वाकलो!

मास्तरची आई किंचाळली. तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन ताई दारात आली. तिनं ढिगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “भेऊ नका मावशी. ते आमच्या घरचंच हाय. घरातल्या लेकीले कोणी वाकडं बोललं का बोलते. लेक सासरी गेली का तिच्या मागं जाते.”

आतला आवाज बंद पडला. सेल संपले होते. पण ती शांतता आवाजाहून भयंकर होती. मास्तरच्या आईनं डोक्यावर पदर घेतला. “तुमी… तुमी बसा ना वं बाई,” ती ताईला म्हणाली. लग्न तिथंच ठरलं. (सेल संपल्यावरही आतून एकदा बारीक ‘हाइ’, म्हणजे जपानीतलं ‘हो’, आलं, असं ताई म्हणते. ते माझंच, असं मी तिला सांगितलंय. मी म्हटलं नव्हतं!)

कापूस गेला तेव्हा टेप निघाला. कॅसेटची रीळ रुईत गुंतून बाद झाली होती. जपानीच्या परीक्षेत मी सपशेल आपटलो. ताई मात्र सासरी राणीसारखी राहते. तरी वर्षातून एखाद्या वेळी तिचा निरोप येतो, “सासूबाईचा आवाज चढून राह्यला. येऊन जाय.”

मग मी एसटी पकडतो. जपान राहिलं बाजूला, पासपोर्टसुद्धा काढला नाही, पण एवढा मिशीवाला माणूस मी, दोन पोरांचा बाप, उमरखेडला ताईच्या सासरच्या कापसात मानेपर्यंत गाडून घेऊन, बायकी आवाजात इतक्या अदबीनं खातो-पितो की खुद्द जपान्यांनीही मला उठून नमस्कार करावा!