आतल्या बोटीचा हक्क

“रूम! सर, रूम!” वैष्णवी ओरडली, तेव्हा तिची बोट माझ्या डाव्या हाताला अगदी खेटून होती. समोर पाण्यावर तरंगणारा नारंगी बोया. शर्यतीत आम्ही त्याला मार्क म्हणतो. त्याला वळसा घालूनच पुढे जायचं.

साताऱ्याजवळच्या धरणावर राज्याच्या संघाची निवड चालली होती. जागा तीन. दोघेजण केव्हाच पुढे निघून गेले होते. उरलेली जागा तिची किंवा माझी. सैन्यात वीस वर्षं शिडाच्या बोटी चालवून मी निवृत्त झालो, आता इथे शिकवतो. वैष्णवी कडेगावची, माझीच विद्यार्थिनी.

नियम साधा आहे. मार्कभोवती बोटीच्या तीन लांबींचं वर्तुळ धरायचं, तो झोन. झोनमध्ये शिरताना दोन बोटी एकमेकींच्या बरोबरीने असल्या, तर तो ओव्हरलॅप. मग बाहेरच्या बोटीने आतलीला, म्हणजे मार्कच्या बाजूच्या बोटीला, वळायला जागा द्यायची. ती जागा म्हणजे रूम.

वैष्णवीला हे सगळं पाठ होतं. पण सरावात ती हक्क असूनही थांबायची.

“सर, जावा तुमी.”

“अगं, पाण्यावर सर-बिर कुणी नसतो!”

“मोठ्यांच्या आडवं कसं जायचं?”

मी चिडायचो, आणि पुढे निघून जायचो.

त्या दिवशी आतली बोट तिची होती, तरीही ती थांबेल, असं मी गृहीत धरलं. जागा दिली नाही. बोटी धडकल्या आणि ती मार्कच्या चुकीच्या बाजूला ढकलली गेली.

“प्रोटेस्ट!” ती ओरडली, म्हणजे माझ्यावर तक्रार.

चूक मान्य करून तिथेच बोटीच्या दोन गिरक्या घेतल्या असत्या, तर माझी शिक्षा भागली असती. नाही घेतल्या. हट्ट, दुसरं काय! मी तिसरा आलो, ती चौथी.

किनाऱ्यावर ती ओल्या कपड्यांतच तक्रारीचा फॉर्म भरायला बसली. तिचे वडील, तेही माजी सैनिक, धावत आले.

“आगं, सरांवर तक्रार? माफी माग आधी. आवं सर, लय चुकलं पोरीचं.”

“चुकलं न्हाई, बाबा. मी आत हुते.” मान खाली होती, पण पेन थांबलं नाही.

ज्यूरीसमोर आम्ही दोघंच. साक्षीदार कुणी नाही. अध्यक्षांनी मला विचारलं, “झोनमध्ये शिरताना ओव्हरलॅप होता?”

इथे एक मेख आहे. ओव्हरलॅप वेळेत झाला का, याची शंका उरली तर तो नव्हताच असं धरतात. “नक्की सांगता येत नाही,” एवढं म्हटलं असतं, तरी जागा माझी होती. माझ्या वयाला पुन्हा संधी मिळणार नव्हती.

मी वैष्णवीकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर देऊन बसली होती.

“होता,” मी म्हणालो. “रूम द्यायला हवी होती. दिली नाही.”

मला बाद केलं. ती तिसरी आली, संघात गेली. वाईट वाटलं, पण ते जेवणापर्यंतच. नंतर जो भेटेल त्याला मीच सांगत सुटलो, “माझ्या पोरीनं मला बाद केलं!” इतका अभिमान मला माझ्या पदकांचाही कधी वाटला नव्हता.

आता झोनमध्ये शिरताना मी आधी आतल्या बाजूला बघतो. तिथे बहुतेक वेळा मीच शिकवलेलं कुणीतरी असतं.