कांबळे बाईंच्या सेवापुस्तकातले एक पत्र

विशाखा कांबळे बाईंची आणि माझी ओळख मोदकावरून झाली. हडपसरच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायला नुकत्याच रुजू झाल्या होत्या. मी गणित शिकवत असे. गणपतीचे दिवस होते आणि घरून आणलेले मोदक मी स्टाफरूममध्ये वाटत होतो. बाईंच्या टेबलापाशी आलो आणि अडखळलो. त्या बौद्ध आहेत हे कानावर आले होते. बौद्ध माणसे प्रसाद घेतात की नाही, दिला तर राग येतो की न दिला तर येतो, मला काही ठाऊक नव्हते. म्हणून शेजारच्या सहकारी बाईंना हळूच विचारले, "ह्या घेतील का हो?"

कांबळे बाईंनी वह्यांमधून मान वर केली नाही. म्हणाल्या, "सर, मी इथेच बसले आहे. मलाच विचारा."

विचारले. "प्रसाद म्हणून घेणार नाही, मोदक म्हणून घेईन," त्या म्हणाल्या. "आणि उकडीचे असतील तर दोन."

त्यांनी दोन घेतले. माझी भीड चेपली आणि मी फार मोठे मन दाखवत म्हणालो, "तसं बुद्धालाही आमच्याकडे अवतारच मानतात. म्हणजे आपण एकच की!" बाईंनी मोदक संपवला, बोटे पुसली. "आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली ती तुमच्यातून बाहेर पडायला. तुम्ही दार उघडून परत आत कशाला ओढताय?" हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षे विनोद म्हणून सांगत असे. तो विनोद नव्हता हे कळायला मला फार उशीर लागला.

त्या कांबळे बाई यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे असे गौरव समितीने कळवले. सोबत सूचना होत्या: शब्द दीड हजारांपर्यंत असावेत, बाईंच्या सर्वधर्मसमभावावर भर द्यावा आणि वादग्रस्त प्रसंग टाळावेत. पहिल्या दोन सूचना मी पाळणार आहे. तिसरी पाळली तर दुसरी पाळता येत नाही, हे समितीच्या लक्षात आलेले दिसत नाही.

कारण बाईंच्या सेवापुस्तकात एक पत्र चिकटवलेले आहे. ते खोटे आहे. त्यावर शाळेतल्या अकरा शिक्षकांच्या सह्या आहेत आणि त्यातली चौथी माझी आहे. बाईंना शाल नको आहे, श्रीफळ नको आहे, हा ग्रंथही त्यांनी मागितलेला नाही. ते पत्र ज्यांनी लिहून दिले त्यांनीच ते मागे घ्यावे, एवढेच त्यांचे मागणे आहे. आम्ही त्यांना ग्रंथ देतो आहोत. पुण्यात मागितलेली वस्तू सोडून बाकी सगळे सन्मानाने मिळते.

पत्राकडे येण्याआधी बाईंच्या कामाविषयी सांगितले पाहिजे. भूगोल त्या उत्तम शिकवत. पण त्यांचे खरे काम नववीच्या वर्गातल्या एका डब्यात चाले. खडूचा रिकामा डबा, वर चीर पाडलेली. दुसऱ्याच्या धर्माबद्दल मुलांना जे काही ऐकून ठाऊक असेल किंवा विचारायची लाज वाटत असेल, ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचे. नाव लिहायचे नाही. शनिवारी शेवटच्या तासाला बाई डबा उघडत. नियम एकच. ज्या धर्माबद्दल प्रश्न असेल, उत्तरही त्याच धर्माच्या माणसाने द्यायचे. असा माणूस वर्गात नसेल तर बाई म्हणत, "मला ठाऊक नाही. विचारून येते." आणि खरोखरच जात. ख्रिस्ती माणसे तीन देव मानतात का, हे विचारायला त्या चर्चमध्ये गेल्या. शिखांनी केस कापले तर काय होते, हे त्यांनी मंडईजवळच्या एका सरदारजींच्या दुकानात उभे राहून विचारले. सरदारजींनी म्हणे आधी बाईंना खुर्ची दिली आणि मग तासभर सोडले नाही.

त्यांच्या स्वतःच्या धर्माबद्दलही चिठ्ठ्या येत. एकदा आली, "बौद्धांना देव नसतो, मग ते परीक्षेच्या आधी काय करतात?" बाई म्हणाल्या, "अभ्यास." वर्ग हसला. दुसरी एक आली तेव्हा मात्र कुणी हसले नाही. "तुम्ही लोक सवलती मिळाव्यात म्हणून बौद्ध झालात ना?" ती चिठ्ठी बाईंनी शांतपणे मोठ्याने वाचली आणि आजोबांनी दीक्षा घेतल्यावर गावातले कोणते काम नाकारले आणि त्यासाठी किती मार खाल्ला, ते सांगितले. मी तेव्हा व्हरांड्यातून जात होतो. पुढच्या तासाला उशीर झाला तरी तिथून हललो नाही.

बाई गोड स्वभावाच्या आहेत, असे या ग्रंथात कुणी लिहिले असेल तर त्या व्यक्तीची आणि बाईंची भेट झालेली नसावी. त्या फटकळ आहेत. पण मुलाने कितीही विखारी प्रश्न विचारला तरी त्या मुलाला बोलत नसत. त्या म्हणत, "हे त्यानं घरून आणलंय. डबा कुणी भरून दिला ते बघा."

मग ती चिठ्ठी आली. "मुसलमान लोक पाहुण्यांच्या जेवणात थुंकतात, हे खरे का?"

त्या वर्गात नसीम नावाची मुलगी होती. ती खाली मान घालून बसली. बाई त्या संध्याकाळी तिच्या घरी गेल्या आणि तिच्या आईला, मुमताजभाभींना, चिठ्ठी जशीच्या तशी वाचून दाखवली. मी असतो तर माझी जीभ रेटली नसती. भाभी म्हणाल्या, "घेऊन या पोरांना. माज्या चुलीम्होरं बसवते."

बाईंनी प्रत्येक पालकाकडून लेखी संमती मागवली. ज्यांनी दिली त्यांच्याच मुलांना न्यायचे ठरले. मुलांना बाहेर नेताना दोन शिक्षक लागतात, म्हणून त्यांनी मला विचारले. मी हो म्हटले. संमतिपत्रे गोळा करून माझ्या कपाटात ठेवली ती मीच. हे नीट लक्षात ठेवावे अशी वाचकांना विनंती आहे.

आम्ही सोमवारी दुपारी गेलो. घर हडपसर गावठाणातले. भाभींचे सासरे डोक्यावर टोपी घालून दारात बाजेवर बसले होते. भाभी मुलांच्या समोर पीठ मळत होत्या, चपात्या लाटत होत्या, वांग्याच्या भरताला फोडणी देत होत्या. एका मुलाने धीर करून विचारले, "मटण नाही?" भाभी म्हणाल्या, "सोमवारी कसलं रं मटण? आन् तुमच्यातली कितीक पोरं खात न्हाईत, मला म्हाईत हाय की." मग लाटणे थांबवून त्या म्हणाल्या, "ज्या ताटात माजं लेकरू जेवतंय, त्या ताटात मी थुकू व्हय? कोन सांगतं रं तुमाला असलं?"

चिठ्ठी कुणाची होती ते आम्हाला कधी कळले नाही, पण त्या दिवशी एका मुलाने चौथी चपाती मागितली तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिले होते. मीही जेवलो. भरीत फार चांगले झाले होते. मी दोनदा घेतले.

कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. पंगत बसलेली मुले आणि मागे टोपी घातलेले आजोबा. दोन दिवसांत तो फोटो सगळ्या हडपसरभर फिरला, खाली ओळ होती: "शाळेत धर्मांतराचे धडे!" फाटकाशी माणसे जमली. त्यांतले निम्मे आमच्या शाळेचे पालक नव्हते. धर्मांतर करून मुलांना नेमके काय केले, मुसलमान की बौद्ध, यावर त्यांच्यातच एकमत नव्हते. आवाज मात्र एकच होता.

संस्थेच्या कार्यालयात आम्हा अकरा शिक्षकांना बोलावले. पत्र तयार होते. सदर भेट श्रीमती कांबळे यांनी कुणालाही न कळवता, पालकांची संमती न घेता, स्वतःच्या जबाबदारीवर आयोजित केली, असा मजकूर होता. संस्थेचे एक पदाधिकारी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिमये सर, फोटोत आपण नाही आहात हे आपलं नशीब. आता त्यात कशाला पडता? दोन वर्षं राहिलीयत निवृत्तीला."

मी फोटोत नव्हतो, कारण त्या वेळी मी दुसऱ्यांदा भरीत वाढून घ्यायला उठलो होतो.

सही केली. संमतिपत्रे वीस पावलांवरच्या कपाटात होती. किल्ली माझ्या खिशात होती. मी भ्यालो, दुसरे कारण नाही. पुढे मी स्वतःला अनेक कारणे सांगून पाहिली. त्यातले एकही खरे नव्हते.

बाईंचे वर्ग काढून घेतले. नोकरीची उरलेली पाच वर्षे त्यांनी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालण्यात काढली. डबा रद्दीत गेला. नसीमच्या वडिलांनी तिला त्या वर्षीच शाळेतून काढले. भाभी एकदा बाजारात दिसल्या. मी नमस्कार केला. त्यांनी पदर सावरला आणि भाजीवाल्याशी बोलत राहिल्या.

आता कृपाप्रसंग सांगायचा, कारण गौरवलेखात तो लागतोच. त्याच वर्षी माझ्या पत्नीचे मोठे ऑपरेशन झाले. तिसऱ्या दिवशी कांबळे बाई रुग्णालयात डबा घेऊन आल्या. मुगाची खिचडी होती. पुढे अकरा दिवस रोज आल्या. पत्नीशी गप्पा मारत, तिचे केस विंचरून देत. माझ्याशी कामापुरते बोलत. मला वाटले, त्यांनी मला माफ केले. मोठ्या मनाच्या आहेत, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवले. मनातल्या मनात मी तो विषय मिटवूनच टाकला होता.

गेल्या महिन्यात या लेखासाठी त्यांच्या कात्रजच्या घरी गेलो तेव्हा त्या खिचडीचे आभार मानले. बाई म्हणाल्या, "मी वहिनींसाठी येत होते. तुमच्यासाठी नव्हते आले."

मी विचारले, "मग मी काय करावं असं वाटतं आपल्याला?"

"इतक्या वर्षांत हे विचारायला आलात, ते लेख लिहायचा होता म्हणून," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. सर, मी देवाला मानत नाही, पण कागदाला मानते. माझ्या नावावर तो कागद आहे. उद्या माझी नात कधी तो काढून वाचेल तर तिला काय दिसेल? आजीनं पोरांना फसवून नेलं. जे खोटं लिहिलंत ते खोटं होतं, असं लिहून द्या. भाषण नको." थोड्या वेळाने त्या उठून आत गेल्या. डोळे पुसायला गेल्या की चहा टाकायला, मला कळले नाही. चहा आला.

त्यानंतर मी उरलेल्या दहा जणांकडे गेलो. त्यातले जोगळेकर सर मागच्या वर्षी वारले. त्यांची सही आता तिथून कधीच हलणार नाही. त्यांच्या पत्नी म्हणाल्या की शेवटी शेवटी ते "कांबळे बाईंना फोन लाव" म्हणत, पण नंबर सापडला नाही. बाकी नऊ जण सुखरूप आहेत. एक म्हणाले, "आता कशाला उकरून काढता?" एकांना सही केल्याचे आठवत नाही. एक म्हणाले, "तेव्हा वातावरणच तसं होतं हो." मी म्हणालो, वातावरण सही करत नाही, त्याला हात नसतात. त्यांनी चहा न देता मला निरोप दिला. या नऊंपैकी तिघे गौरव समितीवर आहेत आणि चौघांचे लेख याच ग्रंथात आहेत. त्यांत बाईंना समन्वयाची ज्योत वगैरे म्हटले असल्याचे ऐकतो.

आम्ही सहिष्णू आहोत अशी आमची फार जुनी समजूत आहे. दुसऱ्या धर्मांबद्दलचे गैरसमज बाईंनी डब्यातून काढून एकेक करून पुसले. आमचा आमच्याबद्दलचा हा गैरसमज तेवढा त्यांच्या हातून राहिला.

म्हणून माझ्यापुरते लिहून देतो. कांबळे बाईंनी काढलेली ती भेट पालकांच्या लेखी संमतीने झाली. मी तिला हजर होतो, तिथे जेवलो, आणि संमतिपत्रे माझ्याच ताब्यात होती. त्यांच्याविरुद्धच्या पत्रात लिहिलेले खोटे होते आणि ते खोटे आहे हे सही करताना मला ठाऊक होते. ती सही मी मागे घेतो. निवृत्त होताना कपाटातून घरी आणलेला संमतिपत्रांचा गठ्ठा आणि या मजकुराची सही केलेली प्रत मी शाळेत देऊन पोच घेतली आहे. समितीला हा लेख छापता आला नाही तरी ती पोच बाईंकडे राहील.

कांबळे बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे दुखणे थांबो, नातीचे शिक्षण त्यांना डोळ्यांनी पाहायला मिळो, आणि यापुढे कुणी त्यांच्या मोठ्या मनाचे कौतुक करून आपली सुटका करून न घेवो. माझ्या नऊ सहकाऱ्यांनाही उदंड आयुष्य लाभो, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जोगळेकर सरांना ते थोडे कमी पडले.