बिबड्यांची उलटी यादी

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत एप्रिल लागला की बिबडे, म्हणजे ज्वारीचे उन्हात वाळवलेले पापड, होतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, पहाटे तिखट, लसूण, तीळ घालून तिचा घट्ट घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच गच्चीवर ओल्या कापडावर हाताने थापायचा. हे एकटीचं काम नाही. म्हणून आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या, अशा आम्ही बारा घरच्या बाया एकमेकींकडे जातो.

पाच वर्षांपूर्वी या कामाला शिस्त मी लावली. भाजीची, औषधांची, पाहुण्यांची, माझ्याकडे सगळ्याची यादी असते. तशी बिबड्यांची वही केली. कोणी कधी यायचं, कोणी कुणाशेजारी बसायचं, सगळं त्यात आणि तेच फोनवरच्या ग्रुपवरही. काम दोन तास लवकर आटपू लागलं. मला वाटलं, सगळ्या खूश आहेत.

यंदा माझ्या घरी पाच किलो ज्वारी होती. साडेसहाची वेळ आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकली होती. सात वाजले तरी कोणी नाही. आल्या फक्त शेजारच्या अक्का, मूळच्या पारोळ्याकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. तिघींना फोन लावले, एकीनेही उचलला नाही. आम्ही दोघींनी निम्मा घाटा कसाबसा थापला. उरलेला पातेल्यातच दगडासारखा झाला.

पातेलं धुवायला उठले आणि सहज पलीकडे पाहिलं. तिसऱ्या घराच्या गच्चीवर कापडं अंथरलेली, त्यावर बिबड्यांच्या रांगा, आणि कडेला बाकीच्या सगळ्या गोल करून बसलेल्या. हातात वाट्या. हसण्याचा आवाज थेट माझ्यापर्यंत येत होता. मी चटकन पाण्याच्या टाकीमागे सरकले. का लपले, हे आजही सांगता येत नाही. गच्ची तर माझीच होती.

दुपारी धुळ्याहून नणंद आली. ती देवपूरला शाळेत शिकवते. दर वर्षी तिच्या वाटणीचे बिबडे माझ्याकडेच होतात. तिची ज्वारी आत भिजत होती, दोन दिवसांत थापायची होती. मी झालं ते सांगितलं आणि लगेच कागद घेतला. ‘बाया याव्यात म्हणून उपाय. एक, आठवणीचा निरोप दोनदा पाठवणे.’

तिने पेन धरलं. “वहिनी, उलटं लिही. वर्गात पोरांचं अडलं की मी हेच करते. या गच्चीवर एकही बाई फिरकू नये, म्हणून काय काय करशील?”

“ते काय, सोपंय!” म्हणत मी भराभर लिहू लागले. उशिरा येणारीच्या नावापुढे लाल खूण करायची. बिबडा वाकडा झाला की सगळ्यांसमोर पुन्हा थापायला लावायचा. मैत्रिणींना लांब-लांब बसवायचं, म्हणजे गप्पा बंद.

पेन थांबलं. यातलं मी काहीच नव्याने सुचवत नव्हते. उठून कपाटातली वही काढली. तेच, त्याच क्रमाने, माझ्याच अक्षरात होतं. वर ‘नियम’ असं लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या.

दारात बसलेल्या अक्का म्हणाल्या, “आनी ते बी लिख. घाटा थंडा करीसन दे. पह्यले काम, मंग खावानं.”

गरम घाटा वाटीत घेऊन, वर शेंगदाण्याचं तेल ओतून खायचा आणि मग कामाला बसायचं, ही रीत आमच्या आधीच्या बायांपासूनची. वेळ जातो म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं. शेवटी घाटा खायच्या लायकीचाच राहत नसे.

“अक्का, मग तुम्ही कशा आलात?”

“माले वाचता येत नही, बाई. तुन्हा फोनमधला नियम माले कोन सांगस?”

नणंद खो-खो हसली. मला हसू येईना. पाच वर्षं, आणि एकीनेही तोंडावर सांगितलं नव्हतं. सांगायला मी जागा तरी कुठे ठेवली होती?

दोन दिवसांनी घाटा शिजल्या-शिजल्या वाटीत काढला, तेल ओतलं आणि तिसऱ्या घराचं दार वाजवलं. तिथल्या बाईंनी आधी माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

“वही कुठंय?”

“घरी.”

त्यांनी वाटी घेतली, उभ्यानेच एक घास खाल्ला. “मीठ कमी आहे.”

“मग चला ना वर. किती घालू, सांगा.”

त्यांनी दुसरा घास खाल्ला, मग चपला शोधू लागल्या. जिन्यात त्यांनी आणखी दोघींना हाका मारल्या.

त्या दिवशी अकरापैकी पाच आल्या. मोजायची सवय काही गेली नाही. लिहून मात्र ठेवलं नाही.