आत कोन हाय काय?

पेणपासून रोह्यापर्यंत मालगाडीवर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस उरला होता, आणि माझं नशीब बघा, नेमकी त्याचीच मुलगी मला मिळाली. सासरेबुवा एका लहानशा स्टेशनाच्या मालधक्क्यावर हमालांचे मुकादम. मिठागरांतून गोण्या यायच्या, मालगाडीच्या बंद डब्यात पेंढा पसरून त्या रचल्या जायच्या, आणि दाराला कडी घालण्याआधी सासरेबुवा आत तोंड घालून तीनदा विचारायचे, "आत कोन हाय काय?" कारण एकदा न विचारता कडी घातली होती आणि टोळीतला एक हमाल पेंढ्यावर झोपल्या झोपल्या नागपूरला पोचला होता. घरी त्याच्या बाराव्याचा स्वयंपाक चालू असताना तो परत आला. पुढे जन्मभर त्याने आमटीत मीठ घालू दिलं नाही.

तेव्हापासून सासरेबुवा काहीही बंद करताना तीनदा विचारायचे. कपाट, डबा, छत्रीसुद्धा. आमच्या लग्नात बायकोची पेटी मिटताना त्यांनी विचारलं तेव्हा आमच्याकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. ट्रकचा तर त्यांना असा राग की कोलाडला एका खानावळीत शेजारी ट्रकवाला येऊन बसला म्हणून अर्धा चहा टाकून उठले. पण त्यांच्या रागाला कोण विचारतो? बांध फुटून खाडीचं पाणी मिठागरांत शिरलं, निम्मी ओस पडली, आणि उरलेलं मीठ ट्रक थेट मिठागराच्या तोंडाशी येऊन वडखळकडे नेऊ लागले. धक्क्यावर गवत वाढलं.

शेवटी रेल्वेचा साहेब येऊन सांगून गेला, या महिन्यात एक तरी डबा भरून गेला तर धक्का ठेवू, नाहीतर बंद. सासरेबुवा गावोगाव हिंडले, मिठागरवाल्यांच्या हातापाया पडले आणि एक डबाभर मीठ जमवलं. महिन्याचा शेवटचा दिवस. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. भर दुपारी बाराला शेवटची गोणी चढली. वारा पडलेला, कावळासुद्धा ओरडत नव्हता. सासरेबुवांनी विचारलं, "आत कोन हाय काय?" दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा आतून सावकाश आवाज आला, "हाय."

मी माझ्या कानांनी ऐकलं. टोळीतल्या आठही जणांनी ऐकलं. नागपूरला जाऊन आलेला आमच्या शेजारीच उभा होता, म्हणजे तो नव्हता. सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "उतरवा." एकेक गोणी उतरवली, पेंढासुद्धा झटकला. आत चिटपाखरू नाही. पुन्हा भरायला घेणार तोच इंजिन आलं. मी म्हटलं, "मामा, रिकामा तर रिकामा, कागदावर भरलेलाच लागेल, कडी घाला आणि पाठवा." ते म्हणाले, "जावयबापू, आवाज आला ना? मंग दार लावायचं नाय." उघड्या दाराचा डबा गार्ड नेईना. इंजिन तसंच निघून गेलं. संध्याकाळी ते मीठ ट्रकनेच गेलं, आणि सासरेबुवा ट्रककडे पाठ करून बसून राहिले.

धक्का बंद झाला. टोळीतले दोघे कुठल्याशा कंपनीत शिफ्टला लागले, बाकीचे घरी बसले. सासरेबुवा मात्र रोज दुपारी त्या गवतात जाऊन बसायचे. मी एकदा विचारलंच, "मामा, कोण होतं हो आत?"

"कोन का असंना," ते म्हणाले. "त्याला कोंडून धक्का वाचला असता, व्हय. पन मंग मी जेवलो कसा असतो?"

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही. ते गेल्यावर, दिवसकार्य उरकून, त्यांच्या घराला कुलूप लावायची वेळ आली. मी किल्ली फिरवणार तर बायकोने हात धरला. मग मी दारात वाकून तीनदा विचारलं. दुपार होती, वारा पडलेला होता. आम्ही दोघं बराच वेळ तिथे उभे राहिलो. आतून काहीच आलं नाही. आलं असतं तर कुलूप लावावं लागलं नसतं.