खिडकीतले काका

आमच्या अग्निशमन केंद्रात शिडीच्या तुकडीचा सराव काका घ्यायचे. खरं नाव हजेरीपटावर असेल. आमच्या तोंडी काकाच. गुडघा गेला तेव्हा त्यांना आगीच्या बंबावरून उतरवून सरावाचं काम दिलं. देणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा आता निवांत बसेल. म्हाताऱ्याने आमच्या नाकी नऊ आणले.

काय काय निघायचं त्यांच्या डोक्यातून! डोळ्यांना पट्टी बांधून शिडी उभी करा. कुणीही तोंड उघडायचं नाही, नुसत्या खुणांवर शिडी फिरवा. काठोकाठ भरलेली बादली घेऊन चढा, थेंब सांडला तर पुन्हा पहिल्यापासून. जाड हातमोजे घालून दोराची गाठ मारा, आणि नेमकं त्याच वेळी काका घरची चौकशी करणार. "आईची तब्येत काय म्हणते गं?" मी उत्तर द्यायला लागले की गाठ फसलीच. मी चिडकी आहे हे सगळ्या केंद्राला ठाऊक आहे, आणि मला चिडवण्यात त्यांना भारी मजा यायची.

पण त्यांचा लाडका सराव म्हणजे खिडकी. मैदानाच्या टोकाला धुराने काळवंडलेला सरावाचा मनोरा आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काका आगीत अडकलेला माणूस बनून उभे राहायचे. आम्ही शिडी लावायची, मी चढायचं आणि त्यांना समजावून बाहेर काढायचं. घाबरलेली माणसं खिडकी सोडून आत पळतात, पलंगाखाली शिरतात, त्यांना आधी बोलून जवळ आणावं लागतं, असं ते म्हणायचे. सुरुवातीला सोंग रोज वेगळं असायचं. कधी मांजर सापडल्याशिवाय न उतरणारी बाई, कधी ठार बहिरे आजोबा, कधी बायकोचे दागिने शोधत बसलेला नवरदेव. खाली तुकडी पोट धरून हसायची.

काकू गेल्या आणि सोंगं आटत गेली. शेवटी एकच उरलं, घरात एकटा राहणारा म्हातारा. मी म्हणायचे, "चला आजोबा, मुलगा वाट बघतोय." ते म्हणायचे, "तो लांब असतो. रविवारी फोन करतो." मी म्हणायचे, "शेजारी काळजीत आहेत." ते म्हणायचे, "त्यांना माझं आडनावही माहीत नाही." आम्ही एकमेकांना म्हणायचो, काय बेमालूम वठवतो म्हातारा! उतरायला मात्र इतका वेळ लावायचे की माझ्या पोटऱ्या भरून यायच्या.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. शिडीवर काकांचा गुडघा लचकताना त्यांनी पाहिला आणि वाळू भरलेला एक कापडी पुतळा मागवला. यापुढे खिडकीत पुतळाच राहील, जिवंत माणूस नाही. आम्हाला बरंच वाटलं, पुतळा निदान हुज्जत घालणार नव्हता. काकांचा चेहरा पडला. "शेवटचं एकदा मी उभा राहू का?" एवढंच त्यांनी विचारलं. साहेब हो म्हणाले.

मी चढले. काका चौकट धरून उभे होते.

"चला आजोबा, उतरू या."

"कशाला?"

"सगळे खाली थांबलेत."

"ते जेवायच्या सुट्टीसाठी थांबलेत."

डॉक्टर, मुलगा, नातवंडं, सगळं सांगून झालं. प्रत्येकावर उत्तर तयार. खालून साहेब ओरडले, "अजून किती वेळ?" काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि त्या नजरेत सोंग नव्हतं. हे आता उतरायचेच नाहीत, असं मला खरोखर वाटलं.

"खाली माझं काय आहे ते सांग," ते म्हणाले. "मग येतो."

घाबरले की मी चिडतेच. "काही नाही, काका! घरी गेलात तर कुणी नाही, फोन रविवारीच येणार. मी कुठून आणू? पण तुम्हाला इथे सोडून मी उतरणार नाही. बसू दोघंही असेच!"

त्यांनी एकदा खाली मैदानाकडे पाहिलं. मग त्यांनी पाय खिडकीबाहेर टाकला.

उतरवायची पद्धत अशी की त्या माणसाने शिडीकडे तोंड करायचं, मी त्याच्या खालच्या पायरीवर, आणि माझे दोन्ही हात त्याच्या दोन्ही बाजूंनी शिडीला. त्याची पाठ मला टेकलेली असते. पाय सुटलाच तर तो माझ्यावर रेलतो. काका पायरीपायरीवर थांबत होते.

"गुडघा दुखतोय का?"

"नाही गं." मग मागे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "तुझी काकू गेल्यापासून ही शिडी सोडली तर मला कुणाचा हात लागलेला नाही. म्हणून वेळ काढतो मी."

मी पुढची पायरी उतरले, ते माझ्यामागून उतरले, आणि आम्ही खाली पोचलो. पाय जमिनीला टेकले की हात काढून बाजूला व्हायचं असतं. साहेबांनी सराव संपल्याची शिट्टी वाजवली. काकांनी शिडी सोडली नाही. साहेबांनी पुन्हा शिट्टी वाजवली, जरा जोरात. मी हात काढले नाहीत.